स्टिअरिंगखालचे दोन वॉशर

— नाही काका, जुनं काढायचं नाही. जुनं राहू द्या आणि त्याच्यावर एक वीत जागा सोडून हे नवं बसवा. एका दाराला दोन कुलपं कशाला, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतोय, आणि तो रास्त आहे. पण कारणं आहेत. कारणांशिवाय मी काही करत नाही. या, आत या, फक्त त्या पिशवीचा पट्टा सांभाळा — तिला लागेल. तिला म्हणजे गाडीला. हो, गाडीच आहे ती. पुढचं तोंड काढून ठेवलंय म्हणून तुम्हाला सांगाड्यासारखी दिसतेय. ते लाल फायबरचं तोंड तिकडे भिंतीशी टेकवलंय ना, ते बसवलं की मग बघा. कमरेइतकीसुद्धा उंच नाही, दोनच माणसं बसतील, आणि बसतील म्हणजे जवळजवळ आडवीच होतील. चार वर्षं लागली. आराखडा माझा, नळ्या कापल्या मी, जोडल्या मी — इंजिन तेवढं एका अपघातात चेपलेल्या गाडीतून काढून आणलंय, ते मी बनवलं असं मी म्हणणार नाही, जे केलं नाही त्याचं श्रेय घ्यायची मला सवय नाही. दोनशे चौदा आरेखनं आहेत. प्रत्येकावर तारीख आणि सही. यंत्र अभियांत्रिकीत पदव्युत्तर पदवी घेतलीय मी, आता संशोधन संस्थेत आहे, त्यामुळे लोकांना वाटतं हा छंद आहे. छंद नाही, काका. माणूस आयुष्यात एक गोष्ट पूर्ण स्वतःची करतो — निदान करावी, असं माझं मत आहे.

ड्रिल तिथे लावा, भिंतीत सॉकेट आहे. तर कारण. या गाडीला कुणीतरी हात लावतंय. नाही, चोरी नाही. चोरी झाली असती तर मी पोलिसांत गेलो असतो, तुम्हाला बोलावलं नसतं. काही जात नाही — येतं. ऐका, तुम्हीही हत्याराचे माणूस आहात, तुम्हाला पटेल. मी कुठलाही बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ मारतो. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, म्हणजे सैल झालेला लांबूनच दिसतो. गाडीभर अशा चारशे-साडेचारशे रेघा आहेत, आणि संस्थेतून आल्यावर मी रोज टॉर्च घेऊन त्या सगळ्या पाहतो. रोज. तर तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी, मी पाहत होतो, आणि स्टिअरिंगच्या रॅकवर — ही बघा, ही आडवी नळी, हिच्यामुळे दोन्ही चाकं वळतात — तिच्या बोल्टांवरच्या रेघा अगदी नीट होत्या. तुटलेल्या नव्हत्या. उलट जास्तच नीट होत्या. माझी रेघ जराशी थरथरते, शेवटाला जाड होते. ही रेघ पट्टीने आखल्यासारखी. मी खाली वाकलो, आणि काय पाहतो? रॅकच्या दोन्ही पायांखाली एकेक वॉशर! माझ्या आराखड्यात तिथे वॉशर नाही. मी ठेवलेला नाही. कुणीतरी बोल्ट काढले, रॅक उचलली, वॉशर सरकवले, बोल्ट परत आवळले, आणि वर माझ्याच डबीतला पिवळा रंग घेऊन माझ्यासारखी रेघ मारून ठेवली. हसताय? मी नाही हसलो.

काढून टाकले अर्थातच. तुम्ही ठेवले असते? पुढच्या आठवड्यात पुन्हा. तेच दोन वॉशर नाहीत, नवे, पण जाडी तीच. मी मोजली ना, संस्थेतल्या मायक्रोमीटरवर — तीन पूर्णांक वीस शतांश मिलिमीटर. दोन्हींची. पहिल्या जोडीचीही. आता तुम्ही मला सांगा, बाजारातले वॉशर कधी एका जाडीचे असतात? एक तीनचा असतो, एक सव्वातीनचा. हे काचेवर एमरी पेपर ठेवून हाताने घासलेत, घासून घासून शतांशावर आणलेत. यंत्राला जमावं ते हाताने केलंय. म्हणजे हा कुणी उपटसुंभ नाही. हा जाणकार शत्रू आहे. आणि जाणकार शत्रू माझ्या ओळखीत एकच.

दाजी. माझ्या ताईचे यजमान. त्यांचं गॅरेज आहे, मोठं आहे, चार माणसं हाताखाली. मी आरोप करत नाही, हं, मी फक्त निरीक्षणं मांडतोय. पहिलं निरीक्षण: या माणसाने चार वर्षांत या गाडीला एकदाही गाडी म्हटलेलं नाही. ‘तुझी घसरगुंडी कुठवर आली?’ — हे यांचं कुशल विचारणं. दुसरं: त्यांच्याकडे प्रत्येक मापाचा पाना आहे. तिसरं — तिसरं जरा सविस्तर सांगावं लागेल. पहिले वॉशर सापडले त्याच्या पाच-सहा आठवडे आधी ताई आणि दाजी जेवायला आले होते. जेवणाच्या टेबलावर माझं रॅकचं आरेखन पसरलेलं होतं, कारण तेवढं मोठं टेबल घरात एकच. आईने चष्मा लावला, ताट बाजूला सारून बराच वेळ ते पाहिलं, आणि मला म्हणाली, ‘ही मापं घेताना गाडी कशावर होती रे?’ मी म्हटलं, घोड्यांवर. या चार लोखंडी घोड्या, आत्ताही त्यांच्यावरच आहे. ‘म्हणजे चाकं लोंबत होती?’ म्हटलं, आई, चाकं नाही लोंबली तर खाली शिरायचं कसं? तर म्हणे, ‘आणि माणसं बसल्यावर ती दबते, त्याचं काय केलंस?’ आता काका, पाहुण्यांसमोर, तेही दाजींसमोर… मी म्हणालो — म्हणजे विनोदानेच म्हणालो — ‘आई, तुझ्या टेबलावर पिना यायच्या, गाड्या नाही. तू भाजी वाढ.’ दाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. भाजी वाढली तिने. सगळ्यांना वाढली. मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की रॅकच्या उंचीवर घरात चर्चा झाली ती एकदाच, आणि तेव्हा दाजी हजर होते. त्यानंतर रॅकखालीच वॉशर येतात. चारशे बोल्ट सोडून नेमके तिथेच! याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा.

काय म्हणालात? कुलूप? हो, ते मीही पाहिलंय. ओरखडासुद्धा नाही. किल्लीनेच उघडलं जातंय, हे तुमचं म्हणणं मला तत्त्वतः मान्य आहे. किल्ल्या दोन. एक ही, माझ्या कमरेला, आंघोळीलासुद्धा काढत नाही. दुसरी आत, स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यामागे, आईच्या ताब्यात — पण ती घरातलीच किल्ली झाली, तिचा हिशेब कशाला धरायचा? दाजींनी एखाद्या भेटीत साबणावर छाप घेतला असणार. लोक घेतात. तुम्हाला माहीत असेलच, तुमच्याकडेच येतात तसले लोक… तुमच्याकडे आले होते का? उंच, टक्कल, हसताना खांदे हलतात? नाही? नक्की नाही? बरं. माफ करा. तुमच्यावर संशय नाही, पण विचारणं माझं कर्तव्य होतं.

मी सापळेही लावले. दाराच्या फटीवर खालच्या अंगाला एक राखाडी धागा चिकटवला. दार उघडलं की तुटणार. संध्याकाळी आलो तर धागा जागच्या जागी. खूश झालो. मग भिंगाने पाहिलं: माझा धागा दोन्ही टोकांना डिंकाने चिकटवलेला होता, डिंक ओघळलेला, हा मात्र नीट कापून, अगदी नेटका चिकटवलेला. बदलला होता, काका! दुसऱ्या वेळी फरशीवर खडूची पूड भुरभुरली, पावलांचे ठसे मिळावेत म्हणून. आलो, तर पूड नाही. ठसे नाहीत. फरशी झाडून, ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलेली, आणि केरसुणी खिळ्याला परत टांगलेली. असा चोर पाहिलाय कधी? इतका निर्ढावलेला, की घरच्या बाईसारखा केर काढून जातो! समोरच्या गॅलरीत एक गृहस्थ दिवसभर बसून असतात, आम्ही त्यांना दुर्बीण म्हणतो — चौकशी केली. म्हटलं, दुपारी आमच्याकडे कुणी आलेलं दिसतं का? तर म्हणाले, ‘छे, कुणीच नाही. दार उघडं असतं तेवढं.’ आता दार उघडं असतं आणि कुणी आलेलं दिसत नाही, ही दोन विधानं एकत्र खरी कशी असतील? म्हणजे दुर्बीणही सामील असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

आईला काय विचारायचं? तिला बिचारीला काय माहीत. ती दुपारी पडते जरा. गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही, बुटक्या स्टुलावर बसूनच भाजी निवडते… ते? ते स्टूल? हो, आमचंच आहे. इथे कसं आलं — मीच आणलं असेन. गाडीच्या तोंडाशी बसून काम करायला बरं पडतं. नाही, मी उभ्यानेच करतो, पण कधीतरी आणलं असेन. आणि तो पाइपचा तुकडा पान्याला लावायचा आहे. दुसऱ्या वेळी तो तिथे पडलेला सापडला मला. पान्याचा दांडा लांब झाला की कमी ताकदीत बोल्ट फिरतो… बरोबर आहे. हो. दाजी त्या बोल्टला दोन बोटांनी फिरवतील, त्यांना पाइप कशाला लागेल, हा तुमचा आक्षेप बिनतोड आहे. मी तो नोंदवून ठेवतो. पण मग सोंग असेल. कमजोर माणसाने केलंय असं भासवायचं, म्हणजे संशय दुसरीकडे जातो. लोक फार खोल असतात, काका.

हे आजच का करून हवंय ते सांगतो, म्हणजे तुम्ही घाई कराल. उद्या सकाळी सहाला पहिली फेरी आहे. मागे तो बंद कारखाना आहे ना, त्याच्या आवारात दीड किलोमीटरचा सरळ रस्ता आहे. लेखी परवानगी घेतलीय. ऐंशीपर्यंत नेणार, मग शंभर. आणि आई शेजारी बसणार आहे. हट्टच धरलाय तिने. दोन आठवडे झाले, रोज एकच वाक्य — ‘पहिल्यांदा नेशील तेव्हा शेजारी मी.’ मी म्हटलं, अगं, तुला त्यात उतरता येणार नाही, चढता येणार नाही. ‘ते माझं मी बघेन.’ हेल्मेटसुद्धा आणायला लावलं. मला, खरं सांगतो, भरून आलं. एवढी मी तिला टाकून बोललो, तरी मुलाच्या गाडीत पहिलं बसायची हौस! म्हणून आज सकाळी शेवटची तपासणी केली, आणि काय — तिसरी जोडी! तेच! व्हर्निअरने मोजले, तीन पूर्णांक दोन दशांश. काढले, समोरच्या गटारात भिरकावले, रॅक माझ्या आराखड्याप्रमाणे बसवली, आणि तुम्हाला फोन केला. उद्या सकाळपर्यंत आत कुणी जाता कामा नये. तिच्या जिवाची जबाबदारी आहे माझ्यावर.

का थांबलात? ड्रिल गरम झालं का? मग?

आई काय करायची… नोकरी होती तिला. आता पाच वर्षं झाली निवृत्तीला. सुटे भाग बनवायच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. यंत्रावरून पिनांचा माल उतरला की तिच्याकडे यायचा; ती माप घ्यायची, बसला तर डावीकडे, नाही बसला तर उजवीकडे. एकतीस वर्षं. तिच्याबद्दल कारखान्यात म्हणायचे की बाईंच्या बोटालाच शतांश कळतो — लोक काहीही म्हणतात, अतिशयोक्ती असते. पण हात स्थिर होता, ते खरं. अजूनही आहे. सुईत दोरा एका… तुम्ही असे का बघताय माझ्याकडे?

नाही. नाही, तुम्ही जे म्हणू पाहताय ते मला समजलं, पण ते शक्य नाही, आणि का शक्य नाही ते मी सप्रमाण सांगतो. तीन पूर्णांक वीस हा आकडा कुठून आणणार ती? तो आकडा काढायचा तर गाडी जमिनीवर हवी, चाकांवर हवी, आत दोन माणसांचं वजन हवं, आणि मग रॅक आणि चाकाचा दांडा यांची पातळी मोजायची. गाडी तर घोड्यांवर. आता उतरवली नाही असं नाही, रंगासाठी उतरवली होती मागच्या महिन्यात, दोन दिवस. पण मी तेव्हा परिषदेला गेलो होतो, वॉशर त्यानंतर आले, आणि… थांबा, मी सिद्धच करून देतो. वादच नको. ठेवा ते ड्रिल. तो जॅक घ्या, मागून आधी. हळू. हां, घोडी ओढा. आता पुढून. सोडा… सोडा… टेकली. बघा, किती दबली, दबायचीच. तरी अजून रिकामी आहे. आता तुम्ही बसा. त्या बाजूने, आधी पाय, मग बाकीचे तुम्ही. छान. माझ्या जागी वजन ठेवतो, साठ-पासष्ट किलो काहीतरी — थांबा, कपाटातली पुस्तकं आणतो, माझी अभ्यासाची, ती चांगली जड…

काही नाही.

काही नाही, म्हटलं ना. परिषदेहून आलो तेव्हा दोन्ही सीटवर पुस्तकं रचलेली होती. माझीच. कपाटातली. एकावर एक, गळ्यापर्यंत. मला वाटलं, रंगाऱ्याने सीटला रंग लागू नये म्हणून ठेवली. त्याला ओरडलोही मी, क्रम बिघडवलास म्हणून. तो म्हणत होता, मी नाही ठेवली, साहेब. मी त्याला खोटारडा म्हणालो.

हलू नका. ही पेटी ठेवतो, आणि ही बॅटरी, आणि ही दुसरी. पुरे. आता माप. श्वाससुद्धा जपून घ्या… डावीकडे — एक मिनिट. पुन्हा घेतो. उजवीकडे. पुन्हा. व्हर्निअर पुसतो जरा.

रॅक खाली आहे. तीन मिलिमीटर. तीन पूर्णांक दोन दशांश. शतांशापर्यंत हे व्हर्निअर नेमकं सांगत नाही, त्याला मायक्रोमीटर लागतो, आणि मायक्रोमीटर तिच्याकडे आहे, निरोपाच्या दिवशी दिला होता तिला. तुम्हाला कल्पना आहे का, काका, ही चूक रस्त्यावर कशी दिसते? सरळ रस्त्यावर काही कळत नाही. मग एका बाजूचं चाक खड्ड्यात जातं, वर येतं, आणि वर येता येता स्वतःच वळतं. तुमचे हात स्टिअरिंगवर घट्ट असतात, तुम्ही काहीही केलेलं नसतं, आणि गाडी बाजूला उडी घेते. शंभरच्या वेगाने. शेजारी बसलेल्या माणसाच्या अंगाला. आणि ती रोज म्हणत होती, शेजारी मी. आणि मला वाटलं, हौस.

मग बोलली का नाही? स्पष्ट सांगायचं होतं ना! तोंड होतं की! एकदा सांगितलं होतं म्हणा. एकदा विचारलं होतं तिने, ताट बाजूला सारून, आणि मी… बरोबर आहे, त्यानंतर कोण बोलेल. पण हे असं चोरून, धागे बदलून — घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला असं — आणि तुम्हाला? तुम्हाला केव्हापासून कळलं होतं? केरसुणीपासून? की तुम्हाला आधीच काही सांगितलंय कुणी? रविवारी फोन केला, आणि पंधरा मिनिटांत कुलूपवाला दारात, असं कधी होतं का? नंबर कुणी दिला मला तुमचा… आईनेच दिला. खरं सांगा, ओळखता का तुम्ही तिला? नाही? शपथ? बरं. बरं, नसाल. उतरा तुम्ही. सावकाश, डोकं वर आपटेल.

नवं कुलूप नको. छिद्रं पडलीत ती पडू द्या. तुमच्या यायच्या तसदीचं जे काही असेल ते मी — अगं, तू कशाला उठलीस? काही नाही, कुलूपवाले आहेत, निघालेच आहेत. आवाज झाला का फार? हो, उतरवलीय. जमिनीवर आहे. मीच उतरवली.

आई, उद्या सहाला नाही जायचं. म्हणजे जायचं, पण उद्या नाही. ते… ते आज सकाळचे दोन मी गटारात टाकले. हो. तिन्ही वेळचे. तुझ्याकडे अजून आहेत का? नसतील तर घासायला किती वेळ — नाही, मी घासतो, तू फक्त माप बघ. मला सांग कुठे थांबायचं ते. बस ना. स्टूल इथेच आहे.

रागावलीस? अगं, मायक्रोमीटर मी आणतो, तू बस तरी. आई?

तुम्ही अजून इथेच? काय बघताय? हा आमच्या घरातला विषय आहे, काका. निघा तुम्ही.